घर घेताना : अर्धा सर्च मिनिटात, अर्धा पाच आठवड्यांनी

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्या आणि विकणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांसाठी हे सदर आहे. या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावर आहेत : कौन्सिलचा लोकल सर्च (घराबद्दल कौन्सिलकडे असलेल्या नोंदींची तपासणी), तो ऑनलाइन झाला म्हणजे नक्की काय झालं, आणि तरीही एवढा वेळ का लागतो. म्हणून हा अंक त्यालाच दिला आहे. मी आज कन्व्हेयन्सर (घरांच्या व्यवहारांचं कायदेशीर काम करणारी) म्हणून खरेदीदारांच्या बाजूने काम करते, पण त्याआधी बरीच वर्षं एका डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या लँड चार्जेस विभागात होते. टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे या विषयावर थोडं सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न : ताई, आम्ही मिडलँड्समधल्या एका गावात तीन बेडरूमचं सेमी-डिटॅच्ड घर घेतोय. ऑफर मान्य झाल्यावर दोनच दिवसांत सॉलिसिटरचा मेल आला, ‘लोकल लँड चार्जेस सर्च आला, काळजीचं काही नाही.’ आता पाच आठवडे झाले आणि तेच म्हणतात, ‘लोकल सर्चची वाट बघतोय.’ एकदा आलेल्या कागदाची पुन्हा वाट कसली? सरकारने हे सगळं ऑनलाइन केलंय असं वाचलं होतं. सॉलिसिटर वेळकाढूपणा करतोय का? एजंटचे रोज फोन येतात आणि चेनमधली (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रींमधली) बाकीची मंडळी चिडली आहेत. (एक वाचक, रेडिंग)

उत्तर : सॉलिसिटरवर रागावू नका. त्यांचे दोन्ही मेल खरे आहेत. आपण सगळे ‘लोकल सर्च’ असं एकच नाव घेतो, पण त्यात दोन वेगळी कामं असतात. पहिलं एलएलसी१, म्हणजे लोकल लँड चार्जेसच्या रजिस्टरमधला शोध. दुसरं कॉन२९, म्हणजे कौन्सिलला विचारलेल्या ठरावीक प्रश्नांची उत्तरं. तुमच्या गावाचं पहिलं काम राष्ट्रीय ऑनलाइन रजिस्टरवर गेलं आहे, म्हणून ते लगेच झालं. दुसरं अजून कौन्सिलकडेच आहे. पाच आठवडे अडकलंय ते हे दुसरं.

पहिल्याबद्दल आधी. जमिनीवर सरकारी यंत्रणेने घातलेलं जे बंधन मालक बदलला तरी जमिनीबरोबर पुढे जातं, ते या रजिस्टरमध्ये नोंदवलं जातं. झाडाला हात लावायला मनाई, कन्झर्व्हेशन एरिया, लिस्टेड (वारसा म्हणून संरक्षित) इमारत, धूर नियंत्रण क्षेत्र, प्लॅनिंग परवानगीच्या अटी, कौन्सिलने स्वतःच्या खर्चाने धोकादायक भिंत पाडली असेल तर त्याची वसुली. रजिस्टरचे बारा भाग आहेत आणि त्यात उघड्या कोळसा खाणींपासून विमानतळांपर्यंतच्या नोंदींना जागा आहे. ही बंधनं तुम्हाला ठाऊक असोत वा नसोत, घर घेतलं की तुम्हाला लागू होतात. म्हणून हा शोध टाळता येत नाही.

१९२५च्या लँड चार्जेस ॲक्टपासून ही रजिस्टरं प्रत्येक कौन्सिलने आपापल्या पद्धतीने ठेवली. कुणी वह्या, कुणी कार्डं, कुणी मायक्रोफिश, कुणी रंगीत पेन्सिलींनी रंगवलेले नकाशे. १९७५च्या कायद्याने नियम नवे आणले, पण कपाटं तीच राहिली. मी रुजू झाले तेव्हा आमच्याकडे अर्ध्या नोंदी संगणकावर होत्या आणि अर्ध्या कार्डांवर. १९५०च्या आसपासच्या एका कार्डावर जमिनीचं वर्णन होतं, ‘चर्चच्या मागचं शेत, ओढ्यापर्यंत’. त्या शेतावर आता घरांची वसाहत आहे, ओढा जमिनीखालच्या पाइपातून वाहतो, आणि ती एक नोंद आज नेमक्या कुठल्या घरांना लागू होते हे जुना नकाशा नव्यावर ठेवून ठरवावं लागायचं. विभागातल्या दोन ज्येष्ठ बायकांना हे तोंडपाठ होतं. त्यांच्यातली एक रजेवर असली की सर्च थांबायचे. लोकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार कुणाच्या तरी सुट्टीवर अवलंबून असायचा, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

२०१५च्या इन्फ्रास्ट्रक्चर ॲक्टने ही रजिस्टरं कौन्सिलांकडून काढून एचएम लँड रजिस्ट्री या सरकारी जमीन नोंदणी खात्याच्या एकाच राष्ट्रीय रजिस्टरमध्ये नेण्याची तरतूद केली. वॉरिक डिस्ट्रिक्ट कौन्सिल जुलै २०१८मध्ये पहिलं गेलं. तेव्हापासून कौन्सिलं एकामागून एक जात आहेत. एवढी वर्षं का लागतात, असं लोक विचारतात. कारण हे नुसतं स्कॅनिंग नाही. प्रत्येक जुनी नोंद वाचायची, ती आजही लागू आहे का ते ठरवायचं, आणि तिची हद्द डिजिटल नकाशावर आखायची. ‘चर्चच्या मागचं शेत’ला सीमारेषा द्यायची. ती रेषा चुकली तर एखाद्याच्या घरावर नसलेलं बंधन येतं, किंवा असलेलं गायब होतं. हे काम सावकाश होतंय याबद्दल माझी तक्रार नाही.

माझी तक्रार दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे. कॉन२९मधले प्रश्न असे असतात : घरासमोरचा रस्ता कौन्सिलने ताब्यात घेतलेला आहे की खासगी? दोनशे मीटरच्या आत नवा रस्ता किंवा रेल्वेचा प्रकल्प आहे का? या घराला कुठल्या बिल्डिंग रेग्युलेशन मंजुऱ्या मिळाल्या आणि काम पूर्ण झाल्याचे दाखले आहेत का? काही नोटिसा बजावल्या आहेत का? जमीन प्रदूषित म्हणून नोंदलेली आहे का? रेडॉन वायूचा पट्टा आहे का? रोज खरेदीदारांच्या फाइली बघणाऱ्या माझ्यासारखीला विचाराल तर पैशाचे खरे प्रश्न इथेच असतात. आणि ही उत्तरं एका ठिकाणी नसतात. रस्त्याचं हायवेज विभागाकडे, मंजुऱ्यांचं बिल्डिंग कंट्रोलकडे, प्रदूषणाचं पर्यावरण आरोग्य विभागाकडे. जिथे डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी दोन कौन्सिलं आहेत तिथे रस्ते काउंटीकडे असतात, म्हणजे तुमचा प्रश्न दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कार्यालयात जाऊन परत येतो. दहा कामकाजी दिवसांत उत्तर मिळावं अशी सरकारची अपेक्षा २०१८ पासून आहे. काही कौन्सिलं ती सहज पाळतात, काहींना महिना पुरत नाही. एका विभागात माणूस कमी असला की पूर्ण सर्च अडतो.

आता तुम्ही काय करायचं. सॉलिसिटरला एवढंच विचारा की कॉन२९ कुठल्या तारखेला मागवला आणि कुठल्या विभागाचं उत्तर बाकी आहे. बरेच जण मॉर्गेजचं व्हॅल्युएशन होईपर्यंत सर्च मागवत नाहीत, कारण व्यवहार फिसकटला तर सर्चचे पैसे बुडतात. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल तर खरा उशीर किती, ते तारखेवरून कळेल. उत्तर नुसतं हायवेजचं बाकी असेल, तर बऱ्याच काउंटी कौन्सिलांच्या संकेतस्थळांवर सरकारी ताब्यातल्या रस्त्यांची यादी किंवा नकाशा असतो. त्यावरून सॉलिसिटरना निदान अंदाज घेता येईल आणि बाकीचं काम पुढे सरकेल. आणि एजंटला सांगा, उशीर कुठे आहे ते लेखी कळवतो. चेनमधली माणसं उशिरापेक्षा काहीच न कळण्याने जास्त चिडतात, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : पहिला, ऑनलाइन असलेला सर्च आपण स्वतः काढू शकतो का? (एक वाचक, मिल्टन कीन्स)

उत्तर : हो, आणि प्रत्येकाने काढावा, तोही ऑफर देण्याच्या आधी. गव्ह डॉट यूकेवर लोकल लँड चार्जेसची सेवा आहे. खातं उघडायचं, पत्ता टाकायचा किंवा नकाशावर हद्द आखायची. त्या घरावर कुठल्या नोंदी आहेत ते फुकट दिसतं. अधिकृत निकाल हवा असेल तर १५ पौंड. तो घेतल्यावर सहा महिने त्याच जागेचा शोध पुन्हा पुन्हा घेता येतो, नवी फी पडत नाही. तुमचं कौन्सिल अजून त्या रजिस्टरवर गेलेलं नसेल तर ती सेवाच तसं सांगते आणि कौन्सिलकडे पाठवते.

मॉर्गेज असेल तर फुकट दिसलेल्या माहितीवर तुमची बँक समाधान मानणार नाही, आणि सर्च कम्प्लिशनच्या (व्यवहार पूर्ण होऊन घर ताब्यात येण्याच्या) दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा असं बँकांच्या नियमांत असतं. अधिकृत निकालाचा आणखी एक फायदा आहे. त्यात नोंद सुटली आणि त्यामुळे तुमचं नुकसान झालं, तर १९७५च्या कायद्याच्या कलम १० खाली भरपाई मागता येते. पण बंधन मात्र सुटत नाही, ते तुमच्यावर राहतंच. भरपाई पैशांची मिळते.

प्रश्न : बर्मिंगहॅममध्ये चार बेडरूमचं घर घेऊन विद्यार्थ्यांना खोल्या द्यायचा विचार आहे. विकणारे म्हणतात, सहा जणांपर्यंत परवानगी लागत नाही. (एक वाचक, सोलिहल)

उत्तर : एरवी ते बरोबर आहे, बर्मिंगहॅममध्ये नाही. तिथे जून २०२०पासून संपूर्ण शहराला आर्टिकल ४ (एरवी न लागणारी प्लॅनिंग परवानगी सक्तीची करणारा आदेश) लागू आहे. कुटुंबाचं घर तीन ते सहा जणांच्या खोल्यांच्या घरात बदलायचं तर प्लॅनिंगची परवानगी लागते, आणि लायसन्सचे नियम वेगळे. लोकल सर्चमध्ये हे दिसेल, पण सर्च येईपर्यंत तुम्ही सर्व्हेवर खर्च करून बसाल. आत्ताच कौन्सिलच्या संकेतस्थळावर नियम वाचा, आणि ते घर आधीपासून तसं वापरात असल्याचा विक्रेत्याचा दावा असेल तर त्याचा कायदेशीर दाखला मागा. तोंडी भरवशावर ऑफर देऊ नका.

प्रश्न : ताई, आमच्या होणाऱ्या घराचा सर्च आला. मागच्या बाजूला स्वयंपाकघर वाढवलेलं आहे. सर्चमध्ये २००९ सालचा बिल्डिंग रेग्युलेशनचा अर्ज दिसतो, पण काम पूर्ण झाल्याचा दाखला नाही. मी कौन्सिलला फोन करून विचारणार होते, तर सॉलिसिटर जवळजवळ ओरडलेच, ‘अजिबात फोन करू नका!’ विक्रेते इन्शुरन्स देतो म्हणतात. सगळे काहीतरी लपवताहेत असं वाटतंय. झोप उडाली आहे. (एक वाचक, स्लाव)

उत्तर : कुणी काही लपवतंय असं मला वाटत नाही. मात्र तुमच्यापुढे दोन वाटा आहेत आणि एकीवर पाऊल टाकलं की दुसरी बंद होते. ते कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही.

आधी दोन परवानग्या वेगळ्या करा. प्लॅनिंग म्हणजे बांधायची मुभा. बिल्डिंग रेग्युलेशन म्हणजे पाया, तुळई, उष्णतारोधन, निचरा आणि आगीपासूनची सुरक्षितता ठीक आहे की नाही. २००९च्या एक्स्टेन्शनवर प्लॅनिंगच्या बाजूने आज कारवाई होण्याची शक्यता फारच कमी, कारण त्या काळच्या बांधकामांना चार वर्षांची मुदत होती. (ती एप्रिल २०२४नंतर पूर्ण झालेल्या कामांसाठी दहा वर्षं झाली आहे. लिस्टेड इमारतीला मात्र मुदतच नाही.) तुमचा प्रश्न दुसऱ्या परवानगीचा आहे.

अर्ज आहे पण दाखला नाही, असं आमच्या विभागात रोज दिसायचं. बहुतेक वेळा झालेलं असतं असं : निरीक्षक पाया बघून गेले, तुळई बघून गेले, मग बिल्डर पैसे घेऊन पुढच्या कामाला गेला आणि शेवटच्या तपासणीला बोलवायचं राहून गेलं. घरमालकाला वाटलं, झालं सगळं. कधी काम खासगी तपासनीसाने पाहिलेलं असतं. दाखला निघालेला असतो, पण त्याची नोंद कौन्सिलकडे पोहोचलेली नसते. म्हणून पहिलं काम, विक्रेत्यांना त्यांच्या फाइली शोधायला सांगा. खिडक्यांचा फेन्साचा (खिडक्या बसवणाऱ्यांच्या नोंदणी योजनेचा) दाखला (एप्रिल २००२नंतर बसवलेल्या खिडक्यांसाठी) आणि विजेच्या कामाचा दाखला (जानेवारी २००५नंतरच्या) हेही त्याच फाइलीत सापडतात. कौन्सिलला काहीही न विचारता एवढं करता येतं.

दाखला सापडलाच नाही तर दोन वाटांचा प्रश्न येतो. एक वाट इन्शुरन्सची. प्रीमियम एकदाच भरायचा आणि तो विक्रेत्यांनी भरावा. पण या पॉलिसीची अट असते की या विषयावर कौन्सिलशी कुणीही संपर्क केलेला नसावा. तुम्ही ‘नुसतं विचारायला’ फोन केला तरी ती मिळत नाही. सॉलिसिटर ओरडले ते यासाठी. दुसरी वाट उघडपणे कौन्सिलकडे जायची. जुना अर्ज असल्यामुळे विक्रेते फाइल पुन्हा उघडून शेवटची तपासणी मागू शकतात. अर्जच केलेला नसता तर रेग्युलरायझेशनचा, म्हणजे झालेल्या कामाला नंतर मंजुरी घेण्याचा, मार्ग होता, तो ११ नोव्हेंबर १९८५नंतरच्या कामांना चालतो. यात वेळ जातो, आणि निरीक्षक प्लास्टर उकरून तुळई दाखवा असंही म्हणू शकतात.

माझं मत स्पष्ट सांगते. इन्शुरन्स कौन्सिलच्या कारवाईपासून वाचवतो. तुमच्या डोक्यावरच्या तुळईबद्दल तो काहीच सांगत नाही. तुळई कमी जाडीची असेल तर ती पॉलिसी असूनही खाली वाकणार. म्हणून तुमच्या जागी मी असते तर पॉलिसी घेतली असती, पण त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरला किंवा सर्व्हेअरला बोलावून खास ते एक्स्टेन्शन तपासून घेतलं असतं. त्याचा कौन्सिलशी संबंध येत नाही, पॉलिसीला धक्का लागत नाही, आणि तुम्हाला झोप लागते. इंजिनियर म्हणाला गडबड आहे, तर किंमत कमी करायला किंवा व्यवहार सोडायला तुम्ही मोकळ्या आहात. एक्सचेंज (दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत इथे कुणीच बांधलेलं नसतं.

खरं तर या प्रश्नाचं मूळ तिसरंच आहे. अर्ज आहे आणि दाखला नाही, ही माहिती २००९पासून कौन्सिलच्या संगणकात पडून आहे. ती विक्रेत्यांना घर विकायला काढताना दिसली असती, तर त्यांनी शांतपणे तपासणी करून घेतली असती. ती दिसली तुमच्या सर्चमध्ये, व्यवहार अर्धा झाल्यावर, सगळे घाईत असताना. म्हणून मी म्हणते की नुसतं एलएलसी१ ऑनलाइन करून भागणार नाही. बिल्डिंग कंट्रोलच्या नोंदीही तशाच उघड्या व्हायला हव्यात.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये घर घेतो आहे. इथे पुण्यात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा वकिलांनी तीस वर्षांचा सर्च काढला, कोणी कोणाला विकलं ते सगळं. मुलाचे सॉलिसिटर झाडं, रस्ते, धूर असलं काहीतरी तपासताहेत. मालकीचं कोण बघतंय? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : काका, तुमची काळजी रास्त आहे आणि मालकीही तपासली जाते, फक्त तिची पद्धत वेगळी आहे. आपल्याकडे १९०८च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदवला जातो, मालकीची हमी सरकार देत नाही. म्हणून वकिलांना इंडेक्स टू आणि जुने दस्त मागे मागे जात बघावे लागतात. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत जमिनीच्या मालकीची हमी सरकारचं लँड रजिस्टर देतं. मालक कोण, कर्ज कुणाचं, हे त्या रजिस्टरच्या प्रतीवर असतं आणि ती प्रत कुणालाही ७ पौंडांत ऑनलाइन मिळते. सॉलिसिटरने ती पहिल्याच आठवड्यात काढलेली असणार. मुलाकडून मागवून घ्या, दोन-तीन पानांची असते.

झाडं-रस्ते तपासणं हे तुमच्याकडच्या डीपी रिमार्क, झोन दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्राच्या जवळ जातं. जागेवर रस्त्याचं आरक्षण आहे का, इमारतीला पूर्णत्वाचा दाखला आहे का, हे पुण्यातही बघावंच लागतं. तीस वर्षांचा सर्च स्वच्छ आणि भोगवटा प्रमाणपत्र नाही, अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील.

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी घर घेतलं. सर्चमध्ये काहीच नव्हतं. सहा महिन्यांत शेजाऱ्यांनी दोन मजली एक्स्टेन्शन सुरू केलं, त्याची परवानगी आमच्या खरेदीच्या आधीच मिळालेली होती. सॉलिसिटरविरुद्ध तक्रार करता येईल का? (एक वाचक, हॅरो)

उत्तर : बहुधा नाही. एलएलसी१ आणि कॉन२९मध्ये तुमच्या हद्दीतल्या परवानग्या दिसतात, शेजारच्या घराच्या नाही. आजूबाजूच्या परवानग्यांसाठी वेगळा प्लॅनिंग सर्च मिळतो आणि तो मागावा लागतो. सॉलिसिटरने सर्चच्या अहवालात ही मर्यादा लिहिली होती का ते पाहा, बहुतेक जण लिहितात. तुम्ही स्पष्ट विचारलं असेल आणि त्यांनी दुर्लक्ष केलं असेल, तर मात्र त्यांच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करा.

बाकीच्यांसाठी : कौन्सिलच्या प्लॅनिंग संकेतस्थळावर नकाशा उघडा आणि दोन्ही बाजूंची व मागची घरं स्वतः तपासा. फुकट आहे, अर्धा तास लागतो. अर्जाचे नकाशेही तिथेच दिसतात.

प्रश्न : सगळी माहिती एकाच ठिकाणी ऑनलाइन ठेवली आणि ती हॅक झाली तर? कागद बरा नव्हता का? (एक वाचक, लंडन)

उत्तर : भीती खोटी नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये लंडनच्या हॅकनी कौन्सिलवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिथले सर्च महिनोन्महिने विस्कळीत झाले आणि घरांचे व्यवहार लोंबकळत राहिले. डिसेंबर २०२१मध्ये ग्लॉस्टर सिटी कौन्सिलवरही हल्ला झाला आणि तिथेही सर्चना फटका बसला. पण हे दोन्ही हल्ले कौन्सिलांच्या स्वतःच्या यंत्रणांवर झाले होते. प्रत्येक लहान कौन्सिलने आपल्या तुटपुंज्या बजेटात सुरक्षा सांभाळायची, याला मी जास्त घाबरते. राष्ट्रीय रजिस्टरला तेवढी राखण आणि वेगळ्या ठिकाणी प्रती लागतीलच, त्यात कसूर चालणार नाही. कागदाबद्दल मात्र मला हळवं व्हायला जमत नाही. तळघरात पाणी शिरून चिकटलेली कार्डं मी हातांनी सुटी केली आहेत.

प्रश्न : आम्ही पुढच्या वर्षी घर विकायला काढणार आहोत. खरेदीदाराचे पाच आठवडे वाचावेत म्हणून आम्हीच आधी सर्च काढून ठेवला तर? एजंट म्हणतो, असं कुणी करत नाही. (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : तुमच्यासारख्या विक्रेत्यांची मी वाट बघत असते. एके काळी हे सक्तीचं होतं. ऑगस्ट २००७पासून टप्प्याटप्प्याने विक्रेत्याला होम इन्फर्मेशन पॅक द्यावा लागे आणि लोकल सर्च त्याचा भाग होता. मे २०१०मध्ये ते बंद केलं, त्यातला एनर्जी सर्टिफिकेटचा भाग तेवढा उरला. बंद पडण्याची कारणं बरीच होती, पण सर्चच्या बाबतीत मी स्वतः पाहिलेलं कारण साधं होतं. घर विकायला चार-पाच महिने लागले की पॅकमधला सर्च शिळा व्हायचा. खरेदीदाराचे सॉलिसिटर त्यावर विसंबायचे नाहीत, नवा मागवायचे. पैसे दोनदा जायचे. शेजारी स्कॉटलंडमध्ये विक्रेत्याने आधी होम रिपोर्ट द्यायची पद्धत डिसेंबर २००८पासून आहे आणि ती टिकली आहे. म्हणजे विक्रेत्याने आधी माहिती द्यायची कल्पना वाईट नव्हती.

शिळं होण्याचा तो दोष ऑनलाइन रजिस्टरने जवळजवळ संपवला आहे. १५ पौंडांचा शोध सहा महिने हवा तितक्या वेळा ताजा करता येतो. कॉन२९ही तसा झाला, तर विक्रेत्याने पहिल्या दिवशी सगळं मांडायला काय हरकत आहे? फेब्रुवारी २०२५मध्ये सरकारने घरखरेदीची माहिती डिजिटल करण्यासाठी कौन्सिलांना बरोबर घेऊन प्रयोग करण्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये विक्रेत्यांनी महत्त्वाची माहिती सुरुवातीलाच द्यावी असा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला. मला त्यातून खूप आशा आहे. पण कौन्सिलांना माणसं आणि पैसे दिल्याशिवाय हायवेज आणि बिल्डिंग कंट्रोलच्या फाइली नकाशावर येणार नाहीत, हे तिथे काम केलेली कुणीही सांगेल.

तुमच्यापुरतं असं करा. कॉन२९ आत्ता मागवू नका, पुढच्या वर्षीपर्यंत तो जुना होईल. घर बाजारात आणायच्या आठवड्यात तुमच्या सॉलिसिटरला मागवायला सांगा, आणि खरेदीदाराच्या सॉलिसिटरला तो चालेल का ते ऑफर येताच विचारा. चालला नाही तरी त्यात काय निघतं ते तुम्हाला आधी कळेल. आज मात्र फुकटचा लँड चार्जेस शोध घ्या, आणि तुमच्या घराची फाइल काढा. लॉफ्ट, एक्स्टेन्शन, बॉयलर, खिडक्या, विजेची कामं, यातल्या प्रत्येकाचा दाखला आहे का ते बघा. नसेल तर तुमच्या हातात पूर्ण वर्ष आहे. कौन्सिलला बोलवायचं की इन्शुरन्सवर जायचं हे सॉलिसिटरशी बोलून ठरवा, आणि ते ठरेपर्यंत कौन्सिलला फोन करू नका.